सत्तेचाळीस नंबरचं घर

आश्विन सरत आला होता. पहाटे कपाशीच्या पानांवर दव धरायचं आणि नऊ वाजले की तेच शिवार तव्यासारखं तापायचं. एरंडोलपासून आत, धुळीच्या रस्त्याला लागलं की येणाऱ्या सावरपाडे गावात दिवाळीसाठी घरोघर चुना कालवणं सुरू झालं होतं. चुडामणला या दिवसांचा दरवर्षी राग यायचा. बाया भिंती पांढऱ्या करायच्या आणि त्याचं वर्षभराचं काम चुन्याखाली जायचं.

तो हिवतापाचा कर्मचारी. गावातल्या प्रत्येक दाराशेजारी त्याने गेरूने एक चौकोन आखलेला, वर घराचा नंबर. पंधरा दिवसांनी यायचं, कोणाला ताप आहे का विचारायचं, असला तर बोट टोचून काचपट्टीवर रक्त घ्यायचं, चार कडू गोळ्या द्यायच्या, चौकोनात तारीख टाकून सही करायची आणि पुढचं दार गाठायचं. बावीस वर्षं.

त्या मंगळवारीही सकाळी तो ओट्यावर मांडी घालून काचपट्ट्या पुसत होता. जुन्या धोतराचा मऊ तुकडा, थोडं स्पिरिट. पट्टी उजेडाकडे धरायची, एक डोळा मिटायचा, बोटाचा ठसा दिसला तर पुन्हा पुसायची. मागे त्याची बायको भागाबाई चुन्याचा हात देत होती. दाराशेजारी आली की तिचा कुंचला सावकाश व्हायचा. चौकोनाच्या कडेकडेने ती असा काही चुना लावायची की गेरूची रेघ तसूभर बुजायची नाही. गावात एवढाच एक चौकोन चुन्याखाली गेला नव्हता. घर नंबर सत्तेचाळीस. दर पंधरवड्याला तारीख, दर तारखेला सही.

“आज बेबाबाई कोनता घर जाई?” भागाबाईने कुंचला झटकत विचारलं.

चुडामणने पट्टी खाली ठेवली. “माले काय ठावं? मी तिना पट्टेवाला शे का?”

पण तोच तर त्याचा सल होता. पट्टेवालाच झाला होता तो तिचा.

बेबाबाई गावातल्या उपकेंद्राची नर्स. सोनगीरची, तिशीतली, नवऱ्याची नोकरी धुळ्याला. चार वर्षांपूर्वी आली तेव्हा चुडामणनेच तिला गाव दाखवलं होतं. तिला लुना मिळाली, याच्याकडे सायकल राहिली, तेही त्याने गिळलं. पण भाद्रपदाच्या अखेरीस पुण्याहून एक डॉक्टरबाई आली, तापाचा अभ्यास करायला. गावातली साठ घरं चिठ्ठी टाकून काढायची, घरोघर जाऊन फॉर्म भरायचा. तापाचं काम म्हटल्यावर ते आपल्याशिवाय कोणाला देणार, म्हणून चुडामण इस्तरीचा शर्ट घालून उपकेंद्रात जाऊन बसला. आणि पुण्याच्या बाईने फॉर्मांचा गठ्ठा बेबाबाईपुढे सरकवला.

“नाना, तुम्ही घरं दाखवा,” ती म्हणाली. “नंबर तुमच्याच हातचे आहेत. फॉर्मवर कोणाचं नाव लिहायचं नाही, नुसता नंबर. विचारायचं काम मात्र बाईमाणसाला करू द्या.”

चुडामणने फॉर्म हातात घेऊन चाळला. सतरा पानं. त्याच्या रजिस्टरात नावापुढे एक बारका खण असायचा, स्त्री की पुरुष, तिथं तो एक बारीक खूण करायचा आणि काम भागायचं. इथं तो खण पहिल्याच ओळीत संपला होता. मग पुढे: पहाटेपासून काय काय काम करता. घरात शेवटी कोण जेवतं. एरंडोलच्या बाजाराला एकट्या जाऊ शकता का. दवाखान्यात जायचं हे कोण ठरवतं. तापात आडवं पडलं तर लोक काय म्हणतात. स्वतःला काय वाटतं. पुरुषांनाही वेगळी पानं होती: दुखलं तर सांगायला लाज वाटते का.

“बाई, हाई तापनं काम शे का सोयरिक जमाडानं?” त्याने विचारलं.

पुण्याची बाई हसली. तिला बोली कळायची थोडी. “बाई आहे की पुरुष, हे एका खुणेत कळतं, नाना. पण कामाची वाटणी वेगळी असते, हातातला हक्क वेगळा, गावाची रीत वेगळी आणि मनाला काय वाटतं ते आणखी वेगळं. ताप यांतल्या कशापाठी दडतो ते एका खुणेत कसं कळणार? म्हणून एकेक वेगळं मोजायचं.”

बाईच्या अंगात ताप दडतो आणि तो बेबाबाईला सापडतो, मला नाही, असंच ना, एवढं चुडामणला कळलं.

मग महिनाभर रोज तेच. तो पुढे चालायचा, दार दाखवायचा. बेबाबाई चपला काढून आत जायची, थेट चुलीपर्यंत. चुडामण ओट्यावर. त्याच्या हातात पाण्याचा गडवा यायचा, आत कपबशा वाजायच्या. ज्या दारांत बावीस वर्षांत त्याला पडद्याआडून एवढंच उत्तर मिळालं होतं, “नही शे, नाना”, त्याच दारांआड आता तास तास बोलणं चालायचं. मध्येच हसू फुटायचं. मध्येच एकदम शांत व्हायचं आणि ती शांतता त्याला हसण्यापेक्षा जास्त टोचायची. आत काय चाललंय ऐकायला त्याने एकदा मान कलती केली, तर नेमका उपकेंद्राचा शिपाई तोताराम समोरून आला.

“नाना, हाई काय? नर्सबाई मझार चहा पेस आनि तुम्ही ओटावर माशा मारतस.”

“तू तुनं झाडू मार, भो.”

“मी मारसूच. पन तुमना काननी धूळ कोन झाडी?”

तोताराम आणि त्याचं आधीपासूनच जमत नव्हतं. चुडामणच्या पिशवीतल्या गोळ्या महिन्याअखेरीस दोन-चार कमी भरायच्या. त्या तोताराम उचलतो, हे चुडामणने मनाशी पक्कं धरलेलं. तोंडावर बोलला नव्हता, पण पिशवी त्याच्यासमोर कधी खाली ठेवत नव्हता.

फॉर्म संपत आले तसं आदल्या रविवारी पुण्याच्या बाईने फॉर्मांची बेरीज आणि चुडामणच्या रजिस्टरातले आकडे शेजारी ठेवले. एकोणसाठ घरांचं झालं होतं. गेल्या तीन महिन्यांत ताप येऊन गेलेले पुरुष अडतीस, बाया एक्केचाळीस. त्याच तीन महिन्यांत, त्याच घरांतून चुडामणने घेतलेलं रक्त: पुरुषांचं एकोणतीस, बायांचं सहा.

“हा फरक का आला असेल, नाना?” ती म्हणाली. आवाज चढवला नाही, हेही त्याला झोंबलं. “मी शनिवारी निघते. तोवर विचार करा. तुमचं म्हणणं लिहूनच मी कागद पुढे पाठवीन.”

बेबाबाई खिडकीकडे तोंड करून फॉर्मांना टाचण्या लावत होती. ती हसली नाही. चुडामणला मात्र तिच्या पाठीवरही हसू दिसलं.

एकदा जिल्ह्याच्या मेळाव्यात त्याला शाल-नारळ मिळाला होता, सर्वांत नेटक्या रजिस्टराबद्दल. तो नारळ अजून देवळीत होता, फोडलेला नव्हता. शनिवारी हा कागद पुण्याला गेला की बावीस वर्षांचं रजिस्टर खोटं ठरणार आणि खरं ठरणार ते चार वर्षांपूर्वी आलेल्या बाईचं. त्याने ठरवलं, शनिवारच्या आत तिचा आकडा पाडायचा.

बुधवारी पिशवी घेऊन तो एकटाच निघाला. त्याच घरांत, त्याच दारांत. “ताप कोनले शे का?” ओट्यावरचा माणूस म्हणायचा, नाही. माणूस नसला तर पडद्याआडून यायचं, नाही. दुपारपर्यंत वीस घरं झाली. वीसच्या वीस नाही. चुडामणची सायकल हलकी चालायला लागली.

एकविसावं घर झुलाल आबांचं. आबा ओट्यावर सुपारी कातरत बसले होते.

“ताप कोनले शे का, आबा?”

“आमना घर कसाना ताप? बठ्ठा कामले गयात.”

तेवढ्यात आबांची सून सुंदरबाई दारात आली. डोक्यावर कपाशीचं गाठोडं. भर उन्हात तिने लुगड्यावर जुनी चादर गुंडाळली होती. डोळे लाल, ओठ सुकलेले, गाठोडं उतरवताना हात थरथरत होते. चुडामणने बावीस वर्षं ताप पाहिला होता. त्याला बोट टोचायचीही गरज नव्हती.

“काय व सुंदर, तुले ताप शे का?” त्याने विचारलं.

सुंदरबाईने आबांकडे पाहिलं, मग जमिनीकडे. “नही शे, नाना.”

चुडामणला आनंद झाला. त्याने चौकोनात तारीख टाकली आणि सही रोजच्यापेक्षा मोठी केली.

गुरुवारी संध्याकाळी तो उपकेंद्रात गेला तेव्हा बेबाबाई लुनाला पॅडल मारत होती.

“बाई, तुमना आकडा मी पुन्हा इचारी वनू,” तो म्हणाला. “चाळीस घरं. एकबी ताप नही.”

लुना सुरू होऊन बंद पडली. बेबाबाईने पदराने कपाळ पुसलं. “बरं झालं ना मग, नाना. सांगा बाईंना.”

“सांगसूच. आनि तुमनं साठावं घर राही गयं ना?”

“झालं तेही. सोमवारी केलं.” तिने लुनाचं हँडल धरलं. “तुम्ही रक्ताच्या पट्ट्या पोचवायला गेला होता तेव्हा.”

“माले घर दखाडाले बलायं नही?”

“ते घर मला माहीत होतं. सत्तेचाळीस.”

चुडामण घरी आला तो थेट चुलीपाशी. भागाबाई भाकरी थापत होती. फळीवरचे गुलाबाच्या फुलांचे कप धुऊन पालथे घातलेले दिसले. लेक भडगावला दिली तेव्हा घेतलेले ते कप जावई आला तरच खाली उतरायचे.

“बेबाबाई यी गयी, तू सांगं नही.”

“तुम्ही इचारं नही.”

“कितली येळ बसनी?”

“व्हई दोन तास.”

“दोन तास!” एवढा वेळ सलग भागाबाई आपल्याशी कधी बोलली ते तो आठवू लागला. लेकीचं लग्न ठरलं त्या दिवशी, कदाचित. “काय इचारं तिनी?”

“बठ्ठं.”

“बठ्ठं म्हंजे?” सगळं म्हणजे किती, ते त्याला कळेना.

“बठ्ठं म्हंजे बठ्ठं.” तिने भाकरी उलटली. “हासनूत बी. जेवतस ना?”

तो जेवला, पण काय जेवला ते त्याला सांगता आलं नसतं. आजवर तो बेबाबाईच्या लुनावर जळत होता, फॉर्मांवर जळत होता, तिला मिळणाऱ्या चहावर जळत होता. आता ती त्याच्या घरातून काहीतरी घेऊन गेली होती आणि ते घरात होतं हेच त्याला ठाऊक नव्हतं. तिच्या जागी कोणी परका पुरुष असता तर भांडता आलं असतं. बाईवर कसं जळायचं याची गावात रीतही नव्हती.

शुक्रवारी दुपारी बेबाबाई लसीकरणाला वस्तीवर गेली होती. चुडामण उपकेंद्रात आला. फॉर्म लोखंडी कपाटात होते आणि किल्ली तोतारामच्या करगोट्याला.

“तोताराम, कपाट उघाड. माले नंबर तपासनात.”

तोतारामने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. “कोनता नंबर, नाना?”

“तुले काय करनं?”

“माले काही नही.” त्याने किल्ली काढली. “पन बाईनी सांगेल शे, कोन्ही दखानं नही. म्हनून मी भायेर उभा ऱ्हास. मी काही दखं नही.”

गठ्ठ्यावर नावं नव्हती. पुण्यात, जळगावात, कोणालाही त्यातून माणूस सापडला नसता. गावात मात्र एकाला सापडत होता, कारण नंबर त्यानेच घातले होते. सत्तेचाळीस त्याने खालून काढला. बेबाबाईचं अक्षर गोल, शाळेतल्यासारखं.

गेल्या तीन महिन्यांत ताप: तीन वेळा. थंडी वाजून: होय. तापात आडव्या झालात का: नाही, निंदणी होती, नंतर वेचणी. रक्त घेतलं का: नाही. औषध घेतलं का: होय, मालकांच्या पिशवीतून दोन गोळ्या, दर वेळी. घरात कोणाला सांगितलं का: नाही.

त्याखाली, का नाही सांगितलं, तिथं दोन ओळींची जागा होती. बेबाबाईने भागाबाईचे शब्द तसेच उतरवले होते.

“मालक दिवसभर दुसरास्ना ताप इचारतस. घर येतस तव्हय थकेल ऱ्हातस. आमना दारले सही व्हयेल ऱ्हास, मंग ताप कसाना?”

चुडामणने पुढचं पान उलटलं नाही. पुढे बारा पानं होती आणि त्यात दोन तासांतलं सगळं होतं, हसण्यासकट. हात पानावर होता. त्याने फॉर्म गठ्ठ्यात घातला, वर काढला, पुन्हा घातला. सत्तेचाळीसच्या चौकोनातल्या सह्या त्याला आठवल्या. पहाटे निघतानाच तो स्वतःच्या दारावर तारीख टाकायचा. आतून चुलीचा धूर यायचा, भांड्यांचा आवाज यायचा. घर आपलंच, विचारायचं काय.

बाहेर तोताराम भिंतीला टेकून उभा होता.

“तोताराम,” चुडामण म्हणाला, “मनी पिशवीमातल्या गोळ्या...”

“काय गोळ्या?”

“काही नही. घर उंदीर व्हयेल शेतस.”

“उंदीरले ताप येस का, नाना?” तोताराम म्हणाला आणि कपाटाला कुलूप घातलं.

शनिवारी पुण्याच्या बाईची जीप उपकेंद्रासमोर लागली होती. गठ्ठा बांधून झाला होता. बाईने वही उघडली. “बोला, नाना. तुमचं म्हणणं काय लिहू?”

बेबाबाई टेबलाच्या कोपऱ्याशी उभी होती. आज तिने त्याच्याकडे सरळ पाहिलं. चाळीस घरांचा कागद चुडामणच्या खिशात घडी करून होता. आकडे नेटके, खाली सही. तो दिला असता तर बाईला निदान पुन्हा विचार करावा लागला असता.

“झुलाल आबास्नी सून,” तो म्हणाला. “सुंदरबाई. तिले ताप शे.”

“कधीपासून?”

“बुधवारी व्हता. मी सोता दखा. तिनी नही सांगं, मी नही लिखं.” त्याने घसा साफ केला आणि कचेरीच्या भाषेत आला. “बाईंचा आकडा बरोबर आहे. माझं काही म्हणणं नाही.”

पुण्याच्या बाईचं पेन थांबलं. ती आणखी काही विचारणार होती, पण बेबाबाई मध्येच बोलली. “नाना, चला आपण जाऊ. आज चौथा दिवस.”

“मी जाईसन काय व्हई? माले ती नहीच सांगी.” चुडामणने पिशवी उघडली. पुसलेल्या पट्ट्यांची पुडी काढली, सुई काढली, स्पिरिटची बाटली काढली. बावीस वर्षांत ती सुई त्याने कोणाच्या हातात दिली नव्हती. “रक्त तुम्ही ल्या. डावा हातनं, करांगळीशेजारनं बोट. मी आबास्ले बोलामा धरस.”

तसंच झालं. झुलाल आबांशी तो ओट्यावर कपाशीच्या भावावर बोलत राहिला. आतून सुंदरबाईचं कण्हणं आलं, मग बेबाबाईचं हळू बोलणं, मग बराच वेळ काही नाही. चुडामणच्या हातात पाण्याचा गडवा होता. आत त्याची सुई, त्याची पट्टी, आणि बोलणं तिच्याशी. टोचत होतंच. बेबाबाई बाहेर आली तेव्हा पट्टीवरचा रक्ताचा ठिपका त्याने उजेडाकडे धरून पाहिला. जरा जाड आला होता.

“पातळ पसराडानं, बाई,” तो म्हणाला. “जाड थेंबमा दखाले त्रास व्हस.”

“पुढच्या वेळी दाखवा,” ती म्हणाली.

तो घरी आला तेव्हा ऊन उतरलं होतं. भागाबाई मागच्या दारी चुन्याची बादली धूत होती. चुडामणने दाराशेजारी पाहिलं. चौकोन नव्हता. आख्खी भिंत पांढरी, ओली. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

“भागा, हाई काय कयं?”

“चुना उरेल व्हता,” तिने आतून सांगितलं.

तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला, परक्या दारात उभा राहावा तसा. घसा खाकरला. “ताप कोनले शे का?”

बादलीचा आवाज थांबला. भागाबाई पदराला हात पुसत दारात आली. “कोन इचारी ऱ्हायनं? सरकार का घरवाला?”

“सरकार.”

“सरकारले सांगा, आज नही शे. परवा व्हता.”

“आनि घरवालाले?”

ती हसली. त्याने पिशवीतून पट्टी काढली. तिने डावा हात पुढे केला, न सांगता तेच बोट. शेजारच्या घरी पाहून पाहून तिला माहीत होतं. सुई टोचली तेव्हा तिने तोंड फिरवलं. त्याने रजिस्टर मांडीवर घेतलं, नंबर लिहिला, नाव लिहिलं, पुढच्या बारक्या खणात खूण केली. खण लगेच भरला. पेन मात्र त्याच्यावर जरा वेळ तसंच राहिलं.

“तिले काय सांगं तू, हासतांना?” त्याने खाली पाहतच विचारलं.

“कोनले?”

“बेबाबाईले.”

“ते तिनं आनि मनं शे, तुमनं नही,” भागाबाई म्हणाली. “तिले सांगा, दिवाळीनं फराळले ये. कप काढेलच शेत.”

चुडामणने गेरूची वाटी घेतली, पाणी घातलं, बोटाने कालवलं. भिंत अजून ओली होती. वाळेपर्यंत थांबावं लागणार होतं. तो ओट्यावर मांडी घालून बसला, धोतराचा तुकडा काढला आणि सोमवारच्या पट्ट्या एकेक करून पुसू लागला.